जुळत्या संचातले कपडे सुटे करून कसे वापरावेत?

निळीशाई

तयार कपड्यांच्या दुकानात हल्ली कुर्ता, पँट आणि ओढणी असा थ्री-पीस किंवा एकाच छापाचा शर्ट आणि पँट असा को-ऑर्ड सेट घेणे हीच खरेदीची रूढ रीत झाली आहे. संच घेतला की विचार करावा लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र त्याच सोयीमुळे तो कपाटात एका हँगरवर अडकून राहतो, कारण एका समारंभात सगळ्यांनी पाहिलेला संच लगेच पुन्हा घालावासा वाटत नाही आणि त्यातला एकच कपडा काढून दुसऱ्याशी जोडण्याचा धीर होत नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की संच विकत घेतानाच तो तीन स्वतंत्र कपडे म्हणून पाहावा आणि प्रत्येकाला आपल्या कपाटात आणखी कोणी सोबती आहे का, हे तपासावे.

चर्चा नेमकी व्हावी म्हणून माझ्याकडचे तीन संच सांगते. पहिला निळीच्या दाबू छपाईचा (मातीचा लेप देऊन रंगवलेला) सुती कुर्ता आणि पँट, सोबत कोटा ओढणी. दुसरा आमसुली रंगाचा मंगळगिरी कुर्ता, बारीक जरीकाठाचा, त्याच कापडाची पँट. तिसरा मोठ्या पानांच्या छापाचा रेयॉनचा को-ऑर्ड सेट. काळी लेगिंग आणि पांढरी पँट या दोन उत्तरांच्या पलीकडचे काही सुचवता आले तर फार आवडेल.

अंजिरी

सुरुवात ओढणीपासून करावी, कारण संचातला सर्वांत सहज सुटणारा कपडा तोच असतो. तिला माप नसते, शिवण नसते आणि ती चेहऱ्याजवळ असल्यामुळे पोशाखाचा सगळा भर तीच उचलते. तुमची कोटा ओढणी कोणत्याही एकरंगी सुती कुर्त्यावर उत्तम दिसेल. मोतिया, श्रीखंडी किंवा फिकट राखाडी कुर्त्यावर निळीची ओढणी घेतली, तर मूळ संचापेक्षाही ती अधिक उठून दिसेल असे मला वाटते, कारण संचात ती त्याच निळाईत विरघळून जाते. आमच्या घरी ओढण्या वेगळ्या कप्प्यात, आडव्या दांडीवर ठेवतो. त्या कुर्त्याच्या घडीत गुंडाळून ठेवल्या की त्यांची आठवणच राहत नाही.

ताणाबाणा

मी कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून कापडाच्या बाजूने लिहितो. दोन कपडे एकमेकांना शोभतात की नाही हे ठरवताना बहुतेक लोक आधी रंग पाहतात. माझ्या मते क्रम उलटा असावा. आधी कापडाचे वजन आणि पडण (ते अंगावर कसे पडते), मग चमक, मग छापाचा आकार आणि शेवटी रंग. हातमागाचा जाडसर सुती कुर्ता आणि झुळझुळीत क्रेपची पँट यांचा रंग तंतोतंत जुळला तरी ती जोडी उसनी वाटते. याउलट निळा दाबू कुर्ता आणि मातकट तपकिरी खादीची पँट यांचे रंग वेगळे असूनही दोन्ही सुती, दोन्ही बिनचमकीचे आणि साधारण सारख्या वजनाचे असल्यामुळे ते एकत्र नांदतात.

निळीविषयी एक सूचना मात्र आवर्जून करतो. निळीचा रंग बराचसा धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे घासल्यावर तो सुटतो. नवा निळा कुर्ता पांढऱ्या पँटवर घातला तर मांडीपाशी आणि बसण्याच्या जागी पांढऱ्यावर निळसर छटा येते. काही धुण्या होईपर्यंत त्याची जोडी गडद रंगांशीच ठेवावी.

दुसरी गोष्ट धुण्याची. ज्यांना संच पुढेही संच म्हणून हवा आहे, त्यांनी कुर्ता आणि पँट वेगवेगळी वापरली तरी शक्यतो एकत्र धुवावी आणि सावलीत वाळवावी. कुर्ता महिनाभर सुटा वापरून धुतला आणि पँट कपाटातच राहिली, तर नंतर दोन्ही एकत्र घातल्यावर एक जुने आणि एक नवे दिसते. ही जवळजवळ जुळणारी जोडी डोळ्यांना सर्वांत जास्त खटकते. पूर्ण वेगळ्या रंगाची जोडी कधीही त्याहून बरी.

चैत्रपालवी

ताणाबाणा, न वापरलेला कपडा केवळ रंग सारखा उतरावा म्हणून धुणे मला पटत नाही. पाणी वाया जाते आणि कापडाचे आयुष्यही उगाच कमी होते. ज्या संचाचे कपडे एकदा सुटे वापरायला काढले, ते कायमचे सुटे झाले असे मानावे आणि पुन्हा जुळवण्याचा आग्रह सोडावा. जे दोन-चार संच समारंभासाठी हवे आहेत, तेवढेच अखंड ठेवावेत.

ताणाबाणा

चैत्रपालवी, आपला मुद्दा दैनंदिन वापराच्या कपड्यांसाठी योग्य आहे. माझी सूचना महागड्या आणि नैसर्गिक रंगांच्या संचांपुरती समजावी.

टीप_आणि_टाका

मी अनेक वर्षे शिवणकाम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी एक गोष्ट नेहमी सांगते की संच सुटा होणार की नाही, हे कापड कापण्याच्या वेळीच ठरते. ड्रेस मटेरियल शिवायला देताना हौसेने सांगितले जाते की कुर्त्याच्या गळ्याला आणि बाहीला सलवारीच्या कापडाची पट्टी लावा, पायपिंग करा, सलवारीच्या मोहरीला कुर्त्याचे कापड जोडा. ते दिसते सुंदर, यात शंका नाही. पण ती पट्टी लागली की कुर्ता त्या सलवारीशी कायमचा बांधला गेला, कारण दुसरी कोणतीही पँट घातली तरी गळ्यावरची पट्टी आपली जुनी सलवार मागत राहते. सुटा वापर करायचा असेल तर पायपिंग कुर्त्याच्याच कापडाचे घ्यावे किंवा छापातल्या एखाद्या दबलेल्या रंगाचे घ्यावे.

कुर्त्याची उंची आणि बाजूचे काप यांचाही विचार आधी करावा. घेरदार सलवारीसाठी शिवलेल्या कुर्त्याचे काप पुष्कळदा कमरेपर्यंत उंच असतात. तोच कुर्ता अरुंद पँटवर घातला की चालताना बाजू उघडी पडते आणि बाई दिवसभर कुर्ता ओढत बसते. काप दोन-तीन बोटे खाली आणून पक्का टाका मारला की तोच कुर्ता जीन्सवरही चालतो. हे काम कोणताही शिंपी थोड्या वेळात करून देतो.

पँटच्या कमरेचाही प्रश्न असतो. संचातल्या पँटला बहुधा सगळीकडून इलास्टिक असते, कारण ती कुर्त्याखाली झाकली जाणार असे गृहीत धरलेले असते. तिच्यावर आखूड टॉप घातला की कमरेच्या चुण्या दिसतात. पुढच्या बाजूला सपाट पट्टा आणि मागे तेवढे इलास्टिक असे करून घेतले, तर ती पँट स्वतंत्र पँट म्हणून वावरू शकते. निळीशाईताई, तुमच्या आमसुली पँटसाठी हे आधी करून घ्या.

देवराई

मी थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. प्रत्येक वस्तू सर्व तऱ्हेने वापरून तिचा पुरेपूर मोबदला वसूल केलाच पाहिजे, हा आग्रह मला अनाठायी वाटतो. काही संच खरोखरच एक रचना म्हणून जन्माला आलेले असतात. पोचमपल्लीच्या इक्कतमध्ये सूत विणण्याआधी बांधून रंगवतात, नक्षी आधीच धाग्यावर उतरलेली असते आणि माग चालू झाल्यावर ती कापडावर उमटते. अशा संचात कुर्त्याची नक्षी, सलवारीचा पट्टा आणि ओढणीचा पदर यांचे प्रमाण कारागिराने मिळून ठरवलेले असते. ते मोडून कुर्ता जीन्सवर घातला, तर कपडा वापरला जातो हे खरे, पण त्याच्यामागचा विचार दिसेनासा होतो. मला वाटते की काही संच मुद्दाम अखंड ठेवावेत आणि तसेच पुन्हा पुन्हा घालावेत. लोकांनी एकदा पाहिले म्हणून तो पुन्हा घालू नये, हा संकेतच मुळात सोडून द्यायला हवा.

शेवंती

देवराई, शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र रचना अखंड राहावी हा आग्रह आपल्याकडच्या वस्त्रपरंपरेला तितकासा धरून नाही, असे मला वाटते. आपल्याकडे साडी आणि चोळी ही दोन वेगवेगळी वस्त्रे होती. चोळीचे खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येत, कमी रुंदीचे, काठ आणि बारीक सलग बुट्टे असलेले. साडी इरकली असो वा दुसरी कुठली, तिच्यावर डाळिंबी, मोरपंखी किंवा हिरव्या खणाची चोळी आपल्या आवडीने घातली जाई. ओटीत मिळालेल्या खणाची चोळी तर कोणत्या साडीवर जायची, हे ओटी भरणारीला माहीतही नसे. साडीलाच जोडून विणलेला ब्लाउजपीस आणि रंगाला रंग मिळवण्याचा सोस ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. जुन्या छायाचित्रांतल्या आज्या-पणज्यांचे पोशाख आपल्याला आजही देखणे वाटतात आणि त्यात चोळी आणि साडी यांचा रंग क्वचितच एक असतो.

लहान मुलींच्या परकर-पोलक्याचेही तेच. परकराला खाली टक घालून ठेवत आणि मुलगी वाढली की ते उसवून उंची वाढवत. पोलके मात्र छातीत आणि बाहीत लवकर आखूड होई. मग तोच परकर दुसऱ्या, साध्या पोलक्यावर पुढे चाले. हा सुटा वापरच होता आणि त्यात कोणालाही उणेपणा वाटत नसे.

देवराई

शेवंतीताई, खणाचे उदाहरण फार समर्पक आहे आणि त्यापुरते मी माझे म्हणणे आवरते घेतो. तरीही एक फरक नोंदवतो. खण आणि साडी ही मुळातच स्वतंत्रपणे विणलेली, आपापल्या जागी पूर्ण असलेली वस्त्रे होती. इक्कतच्या संचाचे तसे नाही. म्हणून मी असे म्हणेन की जी वस्त्रे आपापल्या जागी पूर्ण आहेत ती खुशाल सुटी करावीत, आणि ज्यांची नक्षी एकातून दुसऱ्यात जाते त्यांना हात लावू नये.

टीप_आणि_टाका

या विवेचनाला माझी मान्यता आहे, आणि एक भर घालते. हातमागाची ओढणी कापून तिचे जॅकेट किंवा कुर्ता शिवून द्या, अशी मागणी अलीकडे वारंवार येते. मी शक्यतो नकार देते. जोडी बदलली तर पुन्हा पूर्ववत करता येते, कापलेली ओढणी पुन्हा ओढणी होत नाही.

सह्यवासी

पुरुषांच्या कपड्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. लग्नासाठी शिवलेला सूट पुढे कपाटातच राहतो, हा जवळजवळ प्रत्येक घरातला अनुभव आहे. त्याचा कोट सुटा वापरता येईल का, हे कापड सांगते. गुळगुळीत, किंचित चकाकणाऱ्या वर्स्टेड लोकरीचा किंवा बारीक उभ्या रेघांचा कोट दुसऱ्या पँटवर घातला की तो लगेच अर्ध्या सुटासारखा दिसतो. खरबरीत पोताचा, गडद निळा किंवा राखाडी, बिनचमकीच्या बटणांचा कोट मात्र बदामी सुती पँटवर किंवा गडद जीन्सवर निःसंकोच चालतो. पँटचे उलट आहे. सुटाची राखाडी पँट साध्या शर्टावर रोज कार्यालयात घालता येते, पण ती कोटापेक्षा लवकर झिजते आणि मग कोट एकटा पडतो. म्हणूनच पूर्वीचे लोक एका कोटाबरोबर त्याच ताग्यातल्या दोन पँटी शिवून घेत, आणि आजही ती रीत अवलंबण्यासारखी आहे.

कुर्ता-पायजम्यावरचे बंडीसारखे जॅकेट तर सुट्या वापरासाठीच जन्मले आहे. ते साध्या पांढऱ्या शर्टावर आणि पँटवर घाला. त्याची रेशमी चमक फार नसली म्हणजे झाले.

नदीपलीकडे

मी न्यू जर्सीत राहते. सुट्या कपड्यांची कल्पना येथे जुनी आहे. क्लेअर मॅककार्डेल या अमेरिकी वस्त्ररचनाकार बाईंनी १९३० च्या दशकातच एकमेकांत बदलून घालता येतील असे लोकरी जर्सीचे कपडे केले होते, आणि त्या काळी मोठ्या दुकानांच्या खरेदीदारांना ती कल्पना फारशी रुचली नव्हती. पुढे १९८५ मध्ये डोना कॅरन यांनी मोजक्या सात कपड्यांतून पूर्ण कपाट उभे करण्याची कल्पना मांडली आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ती उचलून धरली. या दोघींच्या कामातून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे त्यांनी पायाभूत कपडे एकरंगी आणि एकाच पोताच्या घराण्यातले ठेवले. त्यामुळे कोणताही कपडा कोणत्याही कपड्यावर गेला.

आपल्या कुर्त्यांच्या बाबतीत येथे थंडीचाही प्रश्न येतो. संचातली पातळ सुती पँट हिवाळ्यात निरुपयोगी ठरते, पण कुर्ता मात्र जाड लोकरी पँटवर, वरून एकरंगी स्वेटर घालून उत्तम चालतो. अट एवढीच की कुर्ता गुडघ्याच्या वर असावा आणि बाह्या फुगीर नसाव्यात, नाहीतर स्वेटरमध्ये त्यांचा बोळा होतो.

निळीशाई

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. निळ्या संचाविषयी आता चित्र स्पष्ट झाले आहे, ओढणी श्रीखंडी कुर्त्यावर आणि कुर्ता तपकिरी खादीच्या पँटवर. मोठ्या पानांच्या रेयॉन संचाचे मात्र कोडे सुटलेले नाही. त्याचा शर्ट आणि पँट दोन्ही इतकी बोलकी आहेत की शेजारी काय ठेवावे, ते कळत नाही.

अंजिरी

मोठ्या छापाच्या संचात दोन्ही भागांना वेगळी भूमिका द्यावी. शर्ट बटणे न लावता एकरंगी टीशर्टावर पातळ जॅकेटसारखा घालावा. मग छाप दोन उभ्या पट्ट्यांपुरता उरतो आणि मध्ये डोळ्यांना विसावा मिळतो. पँटच्या बाबतीत छापातला सर्वांत जास्त पसरलेला रंग न घेता, जो रंग फार थोड्या जागी आहे तो वरच्या कपड्यासाठी घ्यावा. समजा पाने शेवाळी आहेत, जमीन मोतिया आहे आणि देठात कुठे कुठे अबोली डोकावते, तर अबोली रंगाचा साधा टॉप घालावा. प्रमुख रंग घेतला की पुन्हा संचच घातल्यासारखे वाटते, आणि तोही थोडा हुकलेला.

ताणाबाणा

अंजिरी यांच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. रेयॉन ओले असताना कमकुवत होते आणि बऱ्याचदा आटते, म्हणून तो संच पिळू नये आणि पँटची उंची पहिल्या धुण्यानंतरच कायम करावी.

कोकणकडा

निळीशाई यांनी काळ्या लेगिंगच्या पलीकडचे विचारले आहे, पण काळी पँट इतक्या सहज मोडीत काढू नये, असे नम्रपणे सुचवतो. माझी पत्नी शिक्षिका आहे, रोज उभे राहून काम करते, आणि खडूची धूळ, पाऊस, एसटीचा प्रवास या सगळ्यात काळ्या पँटइतका भरवशाचा कपडा नाही.

चैत्रपालवी

कोकणकडा, सोयीच्या दृष्टीने आपण म्हणता ते रास्त आहे. अडचण एवढीच की काळा रंग हलक्या, नैसर्गिक रंगांच्या कुर्त्याखाली फार जड पडतो आणि पोशाख कमरेत कापल्यासारखा दिसतो. गडद राखाडी, तपकिरी किंवा शेवाळी पँट तितकीच मळखाऊ असते आणि अधिक कुर्त्यांशी जमवून घेते. लालसर, जांभळट आणि भडक छापांना काळी ठेवावी, बाकीच्यांना यांपैकी एक.

पैठणवाट

लग्नाच्या कपड्यांचाही विचार व्हावा, कारण खरा पैसा तेथे अडकलेला असतो. शालूवरचे आरी वर्क केलेले ब्लाउज अनेकींनी फक्त लग्नात घातलेले असते. सोनेरी कामाचे ते ब्लाउज एकरंगी चंदेरीवर किंवा साध्या बारीक काठाच्या रेशमी साडीवर घातले तर साडीचा खर्च न वाढवता पोशाख समारंभाचा होतो. घागरा-चोळीतला घागरा जड असतो, पण आतला कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारा जाळीचा थर, काढून टाकला की त्याचा घेर बसतो आणि तो साध्या रेशमी शर्टावर एखाद्या केळवणाला किंवा डोहाळजेवणाला घालता येतो. भरजरी ओढणी एकरंगी अनारकलीवर घ्यावी. तिघांपैकी एका वेळी एकच भरजरी कपडा अंगावर असावा, हे पथ्य पाळले की झाले.

टीप_आणि_टाका

संच सुटा करण्याचे आणखी एक कारण कोणी नोंदवले नाही, ते मापाचे. तयार संच एकाच मापात मिळतात, पण पुष्कळ बायकांचे वरचे माप आणि कमरेखालचे माप यांत फरक असतो. संच वरच्या मापाने घेतला तर पँट घट्ट होते आणि खालच्या मापाने घेतला तर खांदे उतरतात. अशा वेळी संच मोठ्या मापाचा घ्यावा आणि कुर्ता खांद्यात व बाजूला आत घेऊन शिवून घ्यावा, कारण तयार कपड्यांत दाब, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, इतका थोडा ठेवतात की घट्ट पँट सैल करता येत नाही. किंवा सरळ फक्त कुर्ता घ्यावा आणि पँट आपल्या मापाची शिवावी.

निळीशाई

टीप_आणि_टाका, शेवटच्या पर्यायाविषयी विचारते. आमसुली मंगळगिरी कुर्त्यासाठी वेगळी पँट शिवायची ठरवली, तर कापड कोणते आणि कोणत्या रंगाचे घ्यावे? जरीचा काठ असल्यामुळे खादी फार साधी पडेल का, अशी शंका आहे.

टीप_आणि_टाका

खादी साधी पडणार नाही, पण मंगळगिरीची वीण घट्ट आणि कापड कडक असते, म्हणून जरा बांधीव सुती कापड घ्यावे. सुती सॅटिन टाळावे, त्याची चमक जरीशी स्पर्धा करते. रंगासाठी आमसुलीशी मिळताजुळता शोधत बसू नका, तो हमखास हुकेल. जरीच्या जवळ जाणारा फिकट बदामी किंवा गडद शेवाळी घ्या. मॅचिंग सेंटरमध्ये जाताना फोनमधले छायाचित्र न नेता कुर्ताच न्यावा आणि निवडलेले कापड दुकानाच्या दारात, उजेडात कुर्त्यावर ठेवून पाहावे, कारण आतल्या दिव्यांखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे पडतात. टू बाय टू रुबिया दाखवतील, ती ब्लाउजसाठी ठीक आहे, पँटसाठी पातळ होईल. अडीच मीटर कापड सरळ पँटला पुरून उरते. कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे द्यावे.